महाविद्यालयाच्या वर्गासाठी पॉडकास्ट कसा करावा

तासभराचे व्याख्यान मोबाइलवर रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकले, की पॉडकास्ट झाला असे नाही. फळ्याकडे बोट करून ‘हा आलेख बघा’ म्हटलेले कानांना काय कळणार?

म्हणून आधी विषय पारखून घ्या. आलेख, सिद्धता, आकडेमोड फळ्यावरच राहू द्या. माणसांच्या बोलण्यातून उलगडेल असा भाग निवडा. बी.ए. अर्थशास्त्रातली मागणीची लवचीकता घ्या, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते. व्याख्या मुलांना पाठ असते. पण कांद्याचा भाव दुप्पट झाला तरी घरातली खरेदी निम्मी का होत नाही, हे लासलगावच्या लिलावातला कोलाहल, क्विंटलमागे काय हाती पडले ते सांगणारा शेतकरी आणि ‘रश्शाला कांदा लागतोच’ म्हणणाऱ्या मेसवाल्या काकू दहा मिनिटांत समजावतात. मुलाखतीआधी त्यांची परवानगी मात्र जरूर घ्या.

दहा मिनिटांना साधारण बाराशे शब्द पुरतात. सगळे लिहून वाचू नका, वाचलेले लगेच ओळखू येते. मुद्दे समोर ठेवा आणि एका विद्यार्थ्याला सांगतो आहोत असे बोला.

रेकॉर्डिंगसाठी रिकामी वर्गखोली नको, आवाज घुमतो. पुस्तकांनी किंवा कपड्यांनी भरलेली खोली उत्तम. पंखा बंद करा, फोन फ्लाइट मोडवर टाका आणि तोंडासमोर न धरता वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवा. नाहीतर ‘फ’, ‘भ’ म्हणताना श्वासाचा फटका माइकवर बसतो. बोलण्याआधी दहा सेकंद गप्प राहून नुसती खोली रेकॉर्ड करा. ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरला तेवढा तुकडा दाखवला, की तसाच गुणगुणाट ते पूर्ण रेकॉर्डिंगमधून बराच कमी करते.

फाइल मोनो (दोन्ही कानांना एकच आवाज), 64 केबीपीएस (सेकंदाला किती डेटा, त्याचे माप) एमपी3 ठेवा. दहा मिनिटांचा भाग 5 एमबीच्या आत बसतो. डेटा जपून वापरणारी मुले तो कॉलेजच्या वायफायवर उतरवून एसटीत ऐकू शकतात. सोबत लिखित संहिता द्याच. ज्यांना ऐकू येत नाही त्यांचा तो हक्क आहे, आणि परीक्षेआधी ती सगळ्यांनाच उपयोगी पडते.

खरी कसोटी वर्गात लागते. प्रत्येक भागासोबत एक प्रश्न द्या आणि पुढच्या तासाची पहिली पंधरा मिनिटे त्यावरच्या चर्चेला ठेवा. भागात सांगितलेले वर्गात पुन्हा शिकवायला लागलात, तर पुढचा भाग कोणी ऐकणार नाही. हे पथ्य सुरुवातीला जड जाते, पण पाळाच.

घडी बसली की मुलांनाच भाग करायला द्या, चौघांचा एक गट करून. अंतर्गत मूल्यमापनात माहितीची पडताळणी, मुलाखतीतले प्रश्न आणि संपादन यांना गुण ठेवा आणि हे निकष काम सुरू होण्याआधीच सांगा. कोणी वऱ्हाडीत बोलेल, कोणी अहिराणीत, कोणी मालवणीत. त्यासाठी एकही गुण कापू नका.