दुखऱ्या स्नायूवर हात कसा चालवावा

स्नायू दुखू लागला की हात आपोआप तिथे जातो आणि चोळू लागतो. परंतु मर्दन करणाऱ्याने सर्वांत आधी ठरवायचे असते ते चोळावे की नाही हेच. पाय मुरगळला असेल, स्नायू ताणला गेला असेल किंवा मुका मार लागला असेल, तर पहिले दोन-तीन दिवस त्या जागी मर्दन करू नये, कारण आतल्या फाटलेल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या अजून मिटलेल्या नसतात आणि रगडल्याने रक्तस्राव व सूज वाढते. मांडीच्या पुढच्या भागाला जबर मार बसला असेल तर याहूनही अधिक धीर धरावा. तिथे साकळलेल्या रक्तावर घाईने जोर केल्यास पुढे स्नायूच्या आतच हाड तयार होण्याचा धोका वाढू शकतो. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम व दुखरी असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, आणि ती सुटून फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते; अशा वेळी तेलाची बाटली बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जावे. कंबरदुखीसोबत पायातली शक्ती जाणे, जांघांमध्ये बधिरपणा येणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे हीदेखील तातडीने रुग्णालय गाठण्याची लक्षणे आहेत. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांवर खोल दाब वापरू नये.

यांपैकी काही नसेल आणि दुखणे श्रमाचे, आखडल्याचे किंवा एकाच स्थितीत बसून राहिल्याचे असेल, तर हात लावण्यास हरकत नाही. नखे कापलेली आणि तळवे ऊबदार असावेत. ज्याला मर्दन करायचे त्याला पालथे झोपवून घोट्यांखाली उशी द्यावी, म्हणजे पोटऱ्या आणि कंबर सैल पडतात. तेल जेमतेम घ्यावे. हात घसरू लागला की बोटांना आतला स्नायू कळेनासा होतो.

सुरुवातीला तळवा नुसता टेकवून काही क्षण स्थिर ठेवावा. त्यानंतर पायावर घोट्याकडून गुडघ्याकडे आणि गुडघ्याकडून मांडीकडे, म्हणजे हृदयाच्या दिशेने, लांब व संथ हात फिरवावेत. परतताना हात हलकेच आणावा. चार-पाच मिनिटांत कातडी ऊबदार झाली की कणीक मळावी तसा स्नायू दोन्ही हातांनी उचलत, दाबत, सोडत जावे. जोर बोटांतून काढू नये, कारण अंगठ्याचे सांधे त्याने लवकर झिजतात; कोपरे जवळजवळ सरळ ठेवून शरीराचे वजन हातांवर झुकवले की दाब खोलवर पोहोचतो आणि करणाराही थकत नाही. गुडघ्यामागची लवण, काख, जांघ, कोपराची आतली बाजू आणि मानेचा पुढचा भाग येथे रक्तवाहिन्या व चेता (मज्जातंतू) वरच्या थरात असल्यामुळे तिथे दाबू नये. पाठीच्या कण्यावरही दाब देऊ नये. त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवरच हात चालवावा.

मळताना एखादी ताणलेली दोरी आणि तिच्यात वाटाण्याएवढी दुखरी गाठ बोटाला लागते. जॅनेट ट्रॅव्हेल आणि डेव्हिड सायमन्स या अमेरिकी डॉक्टरांनी अशा गाठींची वेदना दूरवर कशी पसरते याचे नकाशे तयार केले आणि १९८३ मध्ये ते ग्रंथरूपात आणले. खांदा व मान यांमधल्या स्नायूतली गाठ कानामागून कानशिलापर्यंत दुखते, त्यामुळे नुसते कपाळ चोळून उपयोग होत नाही. हा स्नायू वरून दाबण्याऐवजी अंगठा आणि बोटांच्या चिमटीत पकडावा, तीस ते साठ सेकंद तसाच धरावा आणि आतला ताण विरघळल्यासारखा वाटला की सावकाश सोडावा. असे एका गाठीवर दोन-तीन वेळा पुरे.

दाब किती द्यावा हे झोपलेल्या माणसाच्या श्वासावरून ओळखावे. शून्य ते दहाच्या मापात वेदना पाचच्या पुढे गेली की श्वास अडकतो, पायाची बोटे आखडतात आणि ज्या स्नायूला सैल करायचे तोच प्रतिकार करू लागतो. तेथून पुढचा जोर वाया जातो. दुसऱ्या दिवशी निळे डाग उमटले तर दाब निश्चितच जास्त झाला होता. ‘दुखेल तितके चांगले’ ही समजूत मला मर्दनातली सर्वांत खर्चिक समजूत वाटते.

दुसरी समजूत अशी की, श्रमाने स्नायूत साचलेले लॅक्टिक ॲसिड मर्दनाने बाहेर काढता येते आणि दुखणे थांबते. व्यायामानंतर वाढलेले लॅक्टेट (शरीरातले लॅक्टिक ॲसिडचे रूप) साधारण तासाभरात शरीर स्वतःच वापरून टाकते, आणि एक ते तीन दिवसांनी जाणवणारी ठणक स्नायुतंतूंच्या सूक्ष्म इजेची व त्यानंतरच्या दाहाची असते. मर्दनाने ती सुसह्य होते, याचे बरेचसे श्रेय चेतासंस्थेच्या शिथिलतेला द्यावे लागते. म्हणूनच एका भागावर पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नये आणि लगेच तो सांधा संपूर्ण कक्षेत सावकाश हलवून घ्यावा. ही हालचाल वगळली की आखडलेपणा लवकर परततो.

मदतीला कोणी नसेल तर टेनिसचा चेंडू भिंत आणि पाठ यांच्यामध्ये, कण्यापासून दोन बोटे बाजूला धरावा आणि गुडघे किंचित वाकवत तो दुखऱ्या जागेवर आणून थांबावे. दाब जास्त वाटल्यास पाय भिंतीच्या जवळ घ्यावेत, कमी वाटल्यास लांब न्यावेत.