रात्री पिकाला पाणी द्यायला जाताय? मच्छरदाणी आधी घ्या

पावसाने उघडीप दिली की खाचरात, पाटाच्या कडेला, बैलाच्या खुरांच्या खड्ड्यात पाणी साचून राहतं. मुसळधार पावसात डासांच्या अळ्या वाहून जातात, पण मधल्या कोरड्या दिवसांत याच उथळ, उन्हातल्या पाण्यात त्यांची भरभराट होते. अंड्यापासून उडता डास व्हायला उबदार हवेत आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून खत-फवारणीचं नंतर बोलू. या हंगामात पीक हातचं जाताना मी सगळ्यात जास्त पाहिलं ते एकाच कारणाने: माणूस रात्री शेतावर जातो आणि मच्छरदाणी घरीच राहते.

हिशोब सोपा आहे. डास चावल्यापासून साधारण १० ते १५ दिवसांनी हिवतापाचा (मलेरियाचा) ताप येतो. दाणा भरताना राखणीला बसलात आणि डास चावला, तर हुडहुडी भरते ती ऐन काढणीत. मजूर मिळत नाहीत, घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळलेला, कापूस बोंडातून लोंबतोय, सोयाबीनच्या शेंगा तडकतायत. कीड-रोगाने गेलेल्या पिकाची तक्रार सगळे करतात. तापाने गेलेल्या पिकाचा कुठे हिशोबच लागत नाही.

हिवतापाचा डास म्हणजे अ‍ॅनोफिलीस. दिवसा चावतो तो हा नव्हे, तो डेंग्यूचा. अ‍ॅनोफिलीसची मादी अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत चावते, कारण अंडी घालायला तिला रक्त लागतं. नर चावत नाही. काही जाती संध्याकाळीच सुरू होतात, पण बऱ्याच जातींचा जोर मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत असतो, म्हणजे नेमका तुम्ही दारं धरून बांधावर टेकता तेव्हा. संध्याकाळी पेटवलेला पालापाचोळ्याचा धूर तोवर विझलेला असतो. शेकोटीच्या भरवशावर राहणाऱ्यांचं हेच होतं.

ही मादी भिंतीवर बसली की शेपटाकडचा भाग वर उचललेला, अंग तिरपं. पाण्यातली तिची अळी पृष्ठभागाला समांतर आडवी पडलेली असते. दुसऱ्या डासांची अळी डोकं खाली करून लटकते. एवढं ओळखता आलं तरी कुठलं साचलेलं पाणी आधी काढून टाकायचं ते कळतं.

तुमच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आणि अंगाचा वास ती दुरून हेरते, जवळ आल्यावर अंगाची ऊब शोधते. बसलेल्या किंवा उभ्या माणसाला यातल्या कित्येक जाती जास्त करून पावलांवर आणि पोटऱ्यांवर चावतात. पाण्यात उभं राहायला पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, पाय उघडे, आणि लोक मलम लावतात ते तोंडाला नि हाताला! डीईईटी (डासांना दूर ठेवणारं औषध) २० ते ३० टक्के असलेलं मलम चालतं. ते आधी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लावा. काही तासांत त्याचा जोर ओसरतो आणि पाण्याने धुऊनही जातं, म्हणून मध्यरात्री पुन्हा लावा. मलम नसेल तर पोटरीवर जाड कापड गुंडाळून घ्या. हे पुस्तकात नाही, पण चावे कमी होतात असा माझा अनुभव आहे.

आता मच्छरदाणी. एक वाफा भरेपर्यंत दुसरं काम नसतं, तेव्हा माणूस बांधावर निवांत बसतो, डुलकी काढतो. सगळ्यात वाईट वेळ तीच. बाजेच्या चारही कोपऱ्यांना काठ्या बांधून मच्छरदाणी कायमची शेतावरच ठेवा, कडा अंथरुणाखाली खोचा, आणि दारं मोडायचं नसेल तेव्हा आत जाऊन बसा. कीटकनाशक भारलेली मच्छरदाणी मिळाली तर उत्तम. नवी असेल तर वापरण्याआधी २४ तास सावलीत उघडी टाका. साध्या साबणाने धुवा आणि सावलीतच वाळवा. अशी जाळी सुमारे ३ वर्षं किंवा २० धुण्यांपर्यंत चालते. ती रोपवाटिकेवर पांघरू नका, मासे धरायलाही नेऊ नका. भोक पडलं तर त्याच रात्री टाचा.

जनावरांबद्दल दोन शब्द. अ‍ॅनोफिलीसच्या काही जातींना माणसापेक्षा गुरांचं रक्त आवडतं, आणि पोट भरलं की त्या गोठ्याच्या भिंतीला विसावतात. म्हणून गुरं जवळ बांधली की डास त्यांनाच चावतील असं पुष्कळांना वाटतं. माझा अंदाज उलटा आहे. गुरांमुळे डास जमतात आणि तुम्ही शेजारीच झोपलेले असता. बाज गोठ्यापासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या.

डास घालवणारा आवाज काढणारी यंत्रं विकायला आली तर सरळ परत पाठवा. त्या आवाजाने डास पळत नाहीत. निळ्या दिव्याच्या सापळ्यात बहुतेक निरुपद्रवी किडेच मरतात. आणि दुकानदाराने ‘घरातही चालतं’ म्हणून पिकाचं औषध हातात ठेवलं, तर ते झोपायच्या जागी कधीही मारू नका, ते विष आहे. शेतातही गरज नसताना त्याच गटाचं औषध पुन्हा पुन्हा मारलं की डासही त्याला सरावतात, आणि डासांच्या अळ्या खाणारी चतुराची पाण्यातली पिल्लं आधी मरतात. खर्च तुमचा, फायदा डासाचा.

बाकीची नेहमीची कामं:
– आठवड्यातून एकदा हौद, टाक्या, पिंपं पूर्ण रिकामी करून घासणे, कोरडी करणे.
– पाटातलं गवत काढणे, पाणी वाहतं ठेवणे.
– खुरांचे, चाकोऱ्यांचे खड्डे बुजवणे.
– शेततळ्यात गप्पी किंवा गंबुसिया: काठाच्या दर मीटरला ५ ते १० मासे. काठचं गवत आधी काढा, नाहीतर मासे अळ्यांपर्यंत पोचत नाहीत. गंबुसिया नदी-ओढ्यात सोडू नका, तिथले मासे संपवतो.
– भातात पाणी सतत तुंबवू नका. जमिनीखाली १५ सेंमीपर्यंत उतरू द्या, मग पुन्हा भरा. फुलोऱ्याच्या आधी एक आणि नंतर एक आठवडा मात्र ५ सेंमी पाणी ठेवा.

हुडहुडी भरून ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा. सुई टोचून सलाईन लावलं की बरं वाटतं, पण जंतू तसेच राहतात, आणि फाल्सिपेरम जातीचा हिवताप एका दिवसात जिवावर बेततो. गरोदर बाई आणि लहान मूल असेल तर तासाचाही उशीर नको. व्हायवॅक्स जातीचा हिवताप निघाला तर तो यकृतात दडून राहतो आणि महिन्यांनी पुन्हा उलटतो, म्हणून डॉक्टर सहसा १४ दिवसांच्या गोळ्या देतात. तिसऱ्या दिवशी ताप उतरतो आणि गोळ्या फडताळात पडून राहतात. त्या संपवा. आजारी माणूसही मच्छरदाणीतच झोपला पाहिजे, कारण त्याला चावलेली डासीण १० ते १४ दिवसांत दुसऱ्याला हिवताप देण्याइतकी तयार होते. शेतावरची पाळी मग ज्याच्याकडे जाईल, त्याच्यासोबत बाजेवरची जाळी आहे का, ते आधी बघा.