काजूची प्रतवारी आणि क्ष-किरणांचे कप्पे

माझी आई वेंगुर्ल्यातल्या काजू कारखान्यात प्रतवारीच्या टेबलावर बसायची. 180, 210, 240, 320 हे गराचे नंबर म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात त्याचा हिशोब. नव्या मुलींना ती सांगायची, "एकदा मिसाळला की परत येगळा होवचा नाय." इस्रोच्या अ‍ॅस्ट्रोसॅट या उपग्रहाचा क्ष-किरण वर्णपट उघडून त्याची चॅनेल कप्प्यांत बांधायला बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्या दिवशी तेच सांगते.

हा उपग्रह 28 सप्टेंबर 2015 रोजी श्रीहरिकोट्याहून सुटला. त्याची जुनी निरीक्षणं इस्रोच्या संग्रहातून कुणालाही फुकट उतरवता येतात. आमच्याकडे कुडाळला मृग लागला की विजेचा भरवसा नसतो, म्हणून फाइली मे महिन्यातच उतरवून ठेवा.

सुरुवात एसएक्सटी या मऊ क्ष-किरणांच्या दुर्बिणीपासून करा. वर्णपटाच्या फाइलमध्ये 1024 चॅनेल असतात आणि प्रत्येकात किती फोटॉन आले ते काउंट. एक चॅनेल साधारण 10 इलेक्ट्रॉन व्होल्टचं (हे फोटॉनच्या ऊर्जेचं माप). पण 6 हजार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास या यंत्राची विभेदनक्षमता 150 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या घरात आहे, म्हणजे यंत्राला जेवढं वेगळं ओळखता येतं त्याचे आपण पंधरा तुकडे करून बसलेलो असतो. तिथे चार-पाच चॅनेल एका कप्प्यात एकत्र केली तर काहीच हरवत नाही.

मग किती एकत्र करायची? बहुतेक जण ग्रुप-पीएचए हा गट पाडणारा प्रोग्रॅम उघडतात आणि 'ग्रुप मिन 25', म्हणजे प्रत्येक कप्प्यात किमान 25 काउंट, देऊन मोकळे होतात. 25 काउंटवर चूक वर्गमुळाएवढी, म्हणजे 5, वीस टक्के. तिथून पुढे काय-स्क्वेअर, म्हणजे मॉडेल किती नीट बसलं ते मोजायची नेहमीची पद्धत, बऱ्यापैकी चालतं. तेजस्वी स्रोताला हे पुरेसं आहे. मंद स्रोताला मात्र हीच सवय घात करते. एका मंद सक्रिय दीर्घिकेवर काम करताना मी किमान 100 काउंट ठेवले होते. आलेख सुंदर गुळगुळीत आला. पण वरच्या ऊर्जेला काउंट इतके विरळ की 5.5 ते 7 हजारांचा सगळा पट्टा एकाच कप्प्यात गेला आणि 6.4 हजारांवरची लोखंडाची रेषा त्यात बुडाली. रेषा नाहीच असं मी वहीत लिहूनही टाकलं. दोन आठवड्यांनी मूळ फाइल पुन्हा उघडली, तेव्हा तिथे छोटासा उंचवटा दिसला.

म्हणून काउंट कमी असतील तर काय-स्क्वेअर सोडा, एक्सस्पेक या मॉडेल बसवायच्या प्रोग्रॅममध्ये सी-स्टॅट घ्या. ते पॉयसॉन गणितावर, म्हणजे मोजक्या काउंटच्या संख्याशास्त्रावर चालतं, त्याला भरलेले कप्पे लागत नाहीत. पार्श्वभूमीची, म्हणजे स्रोताचे नसलेल्या काउंटची, फाइल जोडली असेल तर तिच्यातही प्रत्येक कप्प्यात निदान एक काउंट असू द्या, नाहीतर उत्तर एका बाजूला झुकतं. कप्पे विभेदनक्षमतेनुसार पाडायचे असतील तर एफटी-ग्रुप-पीएचए या दुसऱ्या प्रोग्रॅममधला 'ऑप्ट' प्रकार वापरा. त्याला रिस्पॉन्स फाइल द्यावी लागते, म्हणजे कुठल्या ऊर्जेचा फोटॉन कुठल्या चॅनेलात पडतो ते सांगणारी. मला स्वतःला हीच पद्धत सगळ्यांत सचोटीची वाटते.

गट केलेली फाइल नेहमी नव्या नावाने साठवा आणि कप्पे कसे पाडले ते त्या नावातच लिहा. एक्सस्पेकमधलं 'सेटप्लॉट रीबिन' आलेखावरचे कप्पे फक्त डोळ्यांसाठी जोडतं, त्याने फिट बदलत नाही. हे दोन्ही एकच समजणारे दरवर्षी भेटतात.

2 हजार इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास फिट वर-खाली झाला तर नवी रेषा सापडली म्हणून धावू नका. आरशांवरचं सोनं आणि सीसीडीतलं सिलिकॉन, दोघांच्या शोषणाच्या कडा तिथेच आहेत. आधी 'गेन फिट' करून, म्हणजे ऊर्जेची मोजपट्टी जुळवून बघा, उतार 1 वर बांधून फक्त ऑफसेट मोकळा सोडा.

शेवटी तोच वर्णपट दोन वेगळ्या पद्धतींनी गटात बांधा आणि दोन्हींवर तेच मॉडेल बसवा. पॉवर-लॉ मॉडेलचा घातांक (ऊर्जेबरोबर फोटॉन किती वेगाने घटतात तो आकडा) त्याच्या चुकीच्या अंदाजापेक्षा (एरर) जास्त सरकला, तर स्रोताबद्दल एक अक्षर लिहिण्याआधी कप्प्यांकडे परत या.