सर्व्हो, पाच व्होल्ट आणि वाया गेलेल्या आठ रात्री

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी हात जवळ नेला की चार पाकळ्या उघडणारे फूल करत होते. अर्डुइनो उनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणि नागपूरच्या सीताबर्डीहून आणलेले चार लहान सर्व्हो (सांगितलेल्या कोनात वळणाऱ्या मोटरी), एवढाच पसारा होता. एका सर्व्होवर सारे सुरळीत चालले. चारही जोडले, तेव्हा पाकळ्या नुसत्या थरथरू लागल्या. दोष प्रोग्रॅममध्येच असणार असे गृहीत धरून मी तो आठ रात्री पुनःपुन्हा लिहिला.

दोष वीजपुरवठ्यात होता. सर्व्होंच्या चारही लाल, म्हणजे वीज देणाऱ्या, तारा मी बोर्डाच्या पाच व्होल्टच्या पिनवर दिल्या होत्या आणि बोर्ड लॅपटॉपच्या यूएसबीवर चालत होता, ज्या वाटेत उनोवर 500 मिलीअँपिअरचा फ्यूज असतो. मोटर जागची हलताना सर्वाधिक प्रवाह ओढते. चार मोटरी एकदम हलल्या की व्होल्टेज कोसळते, बोर्ड रीसेट होतो, प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू होऊन पुन्हा मोटरी हलवतो आणि पुन्हा तेच घडते. मल्टिमीटर मात्र 4.9 व्होल्ट दाखवत राहिला, कारण काही मिलीसेकंदांची घसरण त्याच्या आकड्यांत उमटतच नाही. त्या 4.9 वर मी विश्वास ठेवला, हे अजूनही सलते. तुम्ही सेटअपमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमच्या सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात, ‘सुरू झाले’ एवढी ओळ सीरियल मॉनिटरवर (बोर्डाचे संदेश लॅपटॉपवर दाखवणाऱ्या खिडकीत) छापा. मोटरी हलताना ती वारंवार दिसली, तर आधी वीजपुरवठा तपासा.

सर्व्होंना 5 व्होल्ट, 3 अँपिअरचा वेगळा अडॅप्टर द्यावा, त्यांच्याजवळ 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर (थोडी वीज साठवून घसरण भरून काढणारा भाग) धन-ऋण टोके पाहून लावावा आणि अडॅप्टरचा ग्राउंड (ऋण तार) बोर्डाच्या ग्राउंडला जोडावा. ही शेवटची तार मीही विसरले होते आणि नववी रात्र त्यातच गेली. घाबरू नका, यात सहसा काही जळत नाही.

हातातले सोल्डरिंग आयर्न काढून घेऊन स्वतःच जोडणी करून देणारा मार्गदर्शक मला मिळाला होता; त्याच्यामुळे काम झाले, पण मला काहीच कळले नाही. थ्रीडी प्रिंटिंगची घाईही मला पटत नाही. पहिले तीन नमुने पुठ्ठ्याचेच करावेत, कारण पुठ्ठा कात्रीने दोन मिनिटांत बदलता येतो. शिवाय पीएलए हे थ्रीडी प्रिंटिंगचे प्लास्टिक साधारण 60 अंशांना मऊ पडते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत ते ठेवणे म्हणजे वाकडे झालेले परत घेणे.

प्रदर्शनात माझी चौथी पाकळी अर्धवटच उघडली. तेव्हा मात्र वीजपुरवठा ठीक होता. सर्व्होच्या दांड्यावरचा स्क्रू सैल झाला होता.