सायटिका: कळ पायात, मूळ कमरेत

सोलापुरात माझं यंत्रमागाचं काम. सुतानं भरलेलं बीम चढवताना कमरेत उसण भरली आणि पुढे उजव्या कुल्ल्यापासून पोटरीतून पार करंगळीपर्यंत विजेसारखी कळ जायला लागली. शिंक आली की डोळ्यांपुढे काजवे. करंगळीकडची कड बधिर.

घरचे म्हणाले, वात आहे, तेल चोळ. डॉक्टरांनी मात्र उताणं झोपवून, गुडघा न वाकवता पाय वर उचलला. थोडा उचलताच कळ पोटरीत उतरली. कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकून सायटिक नसेचं मूळ दाबलं होतं. ही शरीरातली सर्वांत जाड नस, कमरेतून थेट पायात उतरते. गोळ्या थोडेच दिवस घेतल्या.

नुसतं पडून राहायचं नाही, हे त्यांनी बजावलं. फिजिओथेरपिस्टनी पालथं झोपून कोपरांवर छाती उचलायला शिकवलं. सकाळी सिद्धेश्वर तलावाकाठी सावकाश चालायचो. कळ आधी पावलातून पोटरीत, मग मांडीत, शेवटी कमरेत आली. ती अशी वर सरकणं हे चांगलं लक्षण, असं त्या म्हणाल्या, तेव्हा फार धीर आला. बीम आता ट्रॉलीवरूनच नेतो.

लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पाऊल उचलेना झालं, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.