गोव्यात जुन्या खाणीच्या जमिनीवर मालकीचा वाद लागला तर काय करायचं

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, खाणीचं लीज म्हणजे जमिनीची मालकी नाही. पोर्तुगीज काळात दिलेली कन्सेशन्स, म्हणजे खाणकामाचे हक्क, १९८७ च्या कायद्याने लीज झाली आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ८८ लीजचं नूतनीकरण रद्द केलं, पण ते सगळं जमिनीखालच्या खनिजाचं, वरची जमीन कोणाची हा प्रश्न तसाच राहतो आणि नेमकं इथेच लोक फसतात.

पहिलं काम, फॉर्म १ आणि १४ (गोव्यातला जमिनीच्या हक्कनोंदीचा उतारा) काढा आणि सर्व्हे प्लॅन घ्या. पण त्यावर नाव आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, ती नोंद खरी धरतात एवढंच, उलट पुरावा आला तर ती खोडता येते. म्हणून पोर्तुगीज काळातली नोंदणीची कागदपत्रं शोधा. मात्रीज सापडला तर ठेवा, पण तो कराचा कागद आहे, एकट्याने मालकी सिद्ध होत नाही. भाषा पोर्तुगीज असते, भाषांतर जाणकाराकडूनच करून घ्या, इथे पैसे वाचवू नका प्लीज.

मग वारस. आजोबांच्या नावावर जमीन असेल तर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमध्ये मालमत्ता वाटायची कायदेशीर प्रक्रिया, झालीय का बघा, आणि गोव्याच्या कायद्यातला नवरा-बायकोचा अर्धा-अर्धा हक्क विसरू नका, बायकोच्या सहीशिवाय झालेली विक्री असेल तर वकिलाला आधी तेच दाखवा.

मालकीचा निकाल मामलेदार देत नाही, त्यासाठी दिवाणी कोर्टातच जावं लागतं. दावा लावताना मनाई हुकूमही मागा, नाहीतर केस चालू असतानाच जमीन तिसऱ्याला विकली जाते.