रस्त्यात ट्रकच्या टाकीतून डिझेलचा नमुना घेतला तर

अमेरिकेत करमाफ डिझेलला लाल रंग घालतात, त्यामुळे तिथे नळी घालून रंग पाहिला की अर्धी तपासणी आटोपते. आपल्याकडे रंग असतो तो रेशनच्या रॉकेलला, निळा. पिवळसर डिझेलमध्ये ते मिसळलं की हिरवट झाक येते, पण थोडं असेल तर डोळ्याला कळत नाही. मच्छीमारांना ज्या डिझेलवर कराचा परतावा मिळतो, त्याला तर वेगळा रंगच नाही. म्हणून भेसळीच्या किंवा करमाफ डिझेलच्या संशयावरून मुंबई-गोवा महामार्गावर गाडी अडवली तर मालकाला आधार दोनच: पंपाचं बिल आणि नीट घेतलेला नमुना.

बिलावर गाडीचा नंबर घालूनच घ्या. पावसाळ्यात केबिनमध्ये बिलावरची शाई उडते, तेव्हा लगेच फोटो काढा. बंदरावरून कॅनने येणारं स्वस्त डिझेल घेऊच नका. तो परतावा नौकेसाठी आहे, आणि त्या कॅनचं बिल तुम्हाला कोणी देणार नाही. पकडला जातो तो ड्रायव्हर. मालकाने त्याला या फंदात पाडू नये.

नमुन्याची पद्धत २००५ च्या मोटर स्पिरिट व हायस्पीड डिझेल आदेशात दिली आहे. डिझेलचे एकेक लिटरचे तीन नमुने घ्यायचे: एक प्रयोगशाळेला, एक तपासणी करणाऱ्या खात्याकडे किंवा तेल कंपनीकडे, एक पोच घेऊन तुमच्याकडे. बाटली काचेची किंवा ॲल्युमिनियमची, प्लास्टिकची चालत नाही. लेबलवर नमुना घेणारा अधिकारी आणि तुम्ही, दोघांच्या सह्या हव्यात. नमुना दहा दिवसांत प्रयोगशाळेकडे जायला हवा.

घोळ होतो तो इथेच. टाकीच्या तळाचा ड्रेन प्लग उघडून बाटली भरली तर आधी गाळ आणि पाणी येतं, आणि कोकणच्या दमट हवेत तळाला पाणी साचतंच. नमुना टाकीच्या वरच्या तोंडातून, मधल्या थरातला, हातपंपाने काढण्याची विनंती करा. बाटली त्याच डिझेलने विसळून घ्या, वर थोडी जागा सोडा. कोऱ्या लेबलवर सही नको. पंचनामा वाचा, काही खटकलं तर सहीखाली लिहा.

घनता, म्हणजे एक घनमीटर डिझेलचं किलोतलं वजन, तुम्हालाही मोजता येते. ५०० मिलीची उंच बरणी, हायड्रोमीटर (घनता दाखवणारी तरंगती काचेची नळी), थर्मामीटर. आलेला आकडा १५ अंश सेल्सिअस तापमानाच्या हिशेबात बदलून घ्यायचा असतो. पंपावर त्याचा तक्ता असतो. ढोबळ हिशेब असा, की दर अंशाला साधारण ०.७ किलोचा फरक पडतो. १५ अंशांना ८३० असलेलं डिझेल मे महिन्यात ३३ अंशांवर ८१७-८१८ दाखवतं, त्यात भेसळ नसते. पंपाला डिझेलसोबत आलेल्या चलनावरच्या (माल पोचवल्याच्या कागदावरच्या) घनतेपेक्षा तीनहून जास्त फरक आला तर मात्र शंका घ्या. ८३० च्या डिझेलमध्ये ७९५ चं वीस टक्के रॉकेल घातलं तर घनता ८२३ वर येते. पाच टक्क्यांनी दोनसुद्धा उतरत नाही, म्हणजे कमी भेसळ या चाचणीतून निसटते.

टाकीत खराब डिझेल गेल्याचा संशय आला तर गाडी रेटू नका. रॉकेलला वंगण कमी, त्याने हाय प्रेशर पंप आणि इंजेक्टर घासतात; बीएस-६ (नव्या प्रदूषण मानकाच्या) गाडीत हा खर्च फार मोठा. टाकी रिकामी करा, फिल्टर बदला.

तुमच्या वाट्याची सीलबंद बाटली उन्हात तापणाऱ्या केबिनमध्ये ठेवू नका, थंड आणि कुलूपबंद जागी ठेवा. चौकशी संपेपर्यंत सील तोडू नका. तुटलं तर त्या नमुन्याच्या जोरावर काही मांडता येणार नाही.